ईव्ह ऑनलाइन की ओल्ड रिपब्लिक?

दोन्ही अवकाशातले, असंख्य खेळाडूंनी एकत्र खेळायचे ऑनलाइन गेम. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये (२००३) तुमचं अवकाश-जहाज फुटलं की कायमचं गेलं. विम्याचे थोडे पैसे मिळतात, बाकी नुकसान तुमचं. मला नेमकं हेच आवडतं. बहुतेक जहाजं खेळाडूंनीच बांधलेली असतात, त्यामुळे खाणवाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचं पोट लढायांवर चालतं. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या गेममधल्या तारामंडळातल्या लढाईत ७५ टायटन (सर्वांत मोठी) जहाजं नष्ट झाली आणि त्याची झळ खरोखर बसली. कौशल्यंही घड्याळाप्रमाणे वाढतात, तुम्ही लॉगआउट असलात तरी. नोकरदाराला सोयीचं, नवख्याला मात्र जुन्यांना गाठताना घाम फुटतो.

‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’मध्ये (२०११) मेलात तर उठायचं आणि चालू लागायचं, फार तर दुरुस्तीचा खर्च. धाक असा नाहीच. पण पात्रांच्या आठ वर्गांच्या आठ वेगळ्या कथा, त्याही संपूर्ण संवादांच्या आवाजासकट! त्यातल्या इम्पीरियल एजंट या हेर-वर्गाची कथा तर संपूच नये असं वाटतं. ती संपली की मात्र त्याच त्या मोहिमा.

एकट्यानं तासभर खेळायचं असेल तर दुसरा घ्या. भरवशाची माणसं सोबत असतील आणि तोटा पचत असेल, तर ईव्ह. मी अजून ईव्हमध्येच आहे. ऑफिसातलं एक्सेल तिथे भलतंच कामी येतं.