कापडी डायपरचे आठ महिने: नर्मदा, बोरिंग आणि आजोबांचं धोतर

लेक जुलैत झाली. बाळंतविड्यात झबली-टोपडी आली, चांदीचे वाळे आले, एकसारखे तीन टेडी आले आणि ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून घेतलेला सहा कापडी डायपरचा संच आला. तो बघून आई म्हणाली, "ही तर प्लास्टिकची चड्डी." मी म्हटलं, "अगं, कापड आहे." तिनं एक डायपर उलटा केला, चिमटीत धरून कानाशी चुरगाळला, चर्र आवाज आला, आणि काही न बोलता ती आत निघून गेली.

बाहेरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो, आवाज त्याचा. ओल बाहेर येऊ न देणं हे त्या थराचं काम. त्याच्या आत मऊ अस्तराचा खिसा, खिशात शोषून घेणारी घडी, म्हणजे पॅड, पुढे टिचबटणांच्या तीन रांगा. बाळ वाढेल तशी बटणं सोडत जायची म्हणजे एकच डायपर दोन-अडीच वर्षं पुरतो, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. माझी निम्मी तक्रार कंपनीची नाहीच, आणि उरलेली निम्मी कुठल्याही कंपनीला लागू पडेल.

पहिला दीड महिना तो संच कपाटातच होता. नवजात बाळाच्या मांड्या म्हणजे काड्या, इलॅस्टिक कितीही आवळलं तरी फट राहतेच. तेव्हा आईनं शिवलेले तिकोनी लंगोट आणि बाहेर जाताना वापरून फेकायचे विकतचे डायपर, असं चाललं. पाच किलो वजन भरल्यावर, ऑगस्टच्या मध्यात, कापडी सुरू केले. धुण्याचं काम माझ्याकडे घेतलं. केंद्र सरकारच्या नोकरदारांना 15 दिवसांची पितृत्व रजा असते. मी खासगी नोकरीत, मला दहा दिवस मिळाले तेच पुष्कळ म्हणायचे. बायको रात्री तीनदा उठून पाजते आहे आणि मी कुशीवर वळून झोपतो आहे, हे फार दिवस बघवेना. दूध मला पाजता येत नाही, धुणं येतं.

घडी तीन प्रकारची मिळते. मायक्रोफायबर स्वस्त, पाणी चटकन पितो, चटकन वाळतो, पण बाळानं त्यावर टेकून बसलं की पिळल्यासारखं पाणी बाहेर सोडतो. तो थेट कातडीला लावायचाही नसतो, कातडी कोरडी पडून खरखरीत होते. बांबूचा म्हणून मिळतो तो पितो भरपूर पण सावकाश, आणि वाळायला दोन दिवस घेतो. सुती मधला. बांबूचे आणि सुती पॅड नवे आणल्यावर चार-पाच वेळा धुतल्याशिवाय नीट शोषतच नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी आत्या बघायला आली, तिनं कौतुकानं मांडीवर घेतलं आणि तिची साडी भिजली. आत्या म्हणाली, "राहू दे रे, सोन्याचा वर्षाव आहे." डायपरचा खप त्या दिवशी आमच्या नात्यात कायमचा थांबला.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही. बैठकीत दोरी, दोरीखाली पंखा, पंख्याखाली आम्ही.

खरा घोळ ऑक्टोबरात झाला. तोवर डायपर गळायला लागले होते. आधी तीन तास टिकणारा आता तासाभरात मांडीतून पाझरायचा. मग वास. पहाटे चारला डायपर उघडला की अमोनियाचा असा भपकारा यायचा की झोप उडायची, डोळ्यांना झोंबायचं. आणि मग लेकीच्या जांघेत लाल चट्टे. डॉक्टरांनी मलम दिलं, दिवसाचे दोन-तीन तास उघडं ठेवा म्हणाले. आईनं ते वाक्य उचलून धरलं. "मी काय सांगत होते? वारा लागू दे तिला." मी चिडून कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं विचारलं, "सर, पाणी कोणतं वापरता?" मला वाटलं हा टोलवतोय.

इंदुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे घरात पाणी दोन प्रकारचं असतं. एक नर्मदेचं, जे जलूदहून सत्तर किलोमीटर पाइपातून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून येतं आणि आमच्या लोकमान्य नगरात एक दिवसाआड नळाला उतरतं. दुसरं बोरिंगचं, म्हणजे कूपनलिकेचं. नर्मदा प्यायला आणि वरणाला, बोरिंग बाकी सगळ्याला. मशीनचा नळ अर्थातच बोरिंगच्या टाकीला जोडलेला. नळाच्या तोटीवर पांढरं पुट चढतं, बादलीच्या काठाला खडूसारखी रेघ उमटते, डोक्याला शाम्पू दोनदा लावावा लागतो. हे सगळं मी जन्मापासून बघतोय, पण त्याचा डायपरशी काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात आरओवाला फिल्टर बदलायला आला होता. त्याचा तो पेनासारखा मीटर मी दोन्ही पाण्यांत बुडवायला लावला. नर्मदा 230, बोरिंग 960. हा आकडा एकूण विरघळलेल्या क्षारांचा, सगळाच काही जडपणा नव्हे, पण अंदाज यायला पुरे होता. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. साबणाचं काम होत नाही, उलट दोघांचा मिळून चिकट साका कापडाच्या धाग्यात बसतो. कापड स्वच्छ दिसतं, पण पाणी पीत नाही, म्हणून गळती. साक्यात लघवीचा अंश अडकून राहतो, जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून वास. वर मी काय करत होतो? वास येतो म्हणून पावडर वाढवत होतो आणि मऊ व्हावेत म्हणून सुगंधी कंडिशनर घालत होतो. कंडिशनर धाग्यावर मेणचट थर चढवतो. डायपरला तो कधीच घालायचा नाही. पाकिटावर हे लिहिलेलं होतं, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात.

रविवारी नळ आला तेव्हा दोन पिंपं नर्मदेची भरून घेतली. सगळ्या घड्या, म्हणजे नुसती आतली पॅडं, टबात टाकली, वर कडकडीत पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा. साबण अजिबात नाही. लाकडी दांड्यानं ढवळलं आणि टब फेसानं भरून आला. धुतलेली, वाळलेली, घडी करून ठेवलेली पॅडं होती ती. आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, फेसाकडे बघितलं. "एवढा साबण तू तिच्या अंगाला बांधत होतास?" पाणी राखाडी झालं होतं. फेस संपेपर्यंत चार पाणी काढली. पोहे-जिलबी आणायचं त्या रविवारी राहूनच गेलं.

त्या दिवशी एक चूकही केली. उत्साहात दोन डायपर कव्हरसकट त्या उकळत्या पाण्यात गेले. आतल्या थराला फोड आले आणि तो जागोजागी सुटला. कव्हरला साठ अंशांपेक्षा गरम पाणी सोसत नाही. दोनाचे आता फरशी पुसायचे फडके झालेत.

आता क्रम ठरलेला आहे. शी असेल तर आधी जेटनं संडासातच उडवायची. मग एक गार पाणी, साबणाशिवाय. मग चाळीस अंशांवर पूर्ण मापाची पावडर आणि चमचाभर सोडा, आणि शेवटचं खळबळणं नर्मदेच्या पाण्यात, हातानं. कमरेला त्रास होतो, पण वास गेला, गळती थांबली, चट्टे पुन्हा आले नाहीत. मलम लावलंच तर मध्ये मलमलीचा तुकडा घालतो, नाहीतर तेही कापडाला बसतं. पिवळे डाग कशानं गेले म्हणाल तर उन्हानं. ओलंच गच्चीवर टाकायचं, संध्याकाळपर्यंत डाग उडालेला असतो. कुठल्याही ब्लीचपेक्षा माळव्याचं ऊन चांगलं.

पण या सगळ्यात उजवी ठरली ती विकतची घडी नव्हेच. फेसाच्या रविवारनंतर आईनं ट्रंकेतून आजोबांचं जुनं धोतर काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याचे चौकोन फाडले, कडा टाचल्या आणि म्हणाली, हे घाल तुझ्या चड्डीच्या खिशात. चौकोनाची आठ पदरी घडी केली की सुती पॅडाच्या तोडीनं पाणी पितं. आणि धुताना घडी उलगडली की एकच पदर! साका बसायला जागा नाही, बोरिंगच्या पाण्यातही निघतं, हवं तर उकळता येतं, पावसातही पंख्याखाली तीन तासांत वाळतं. जाड शिवलेल्या पॅडाला हे जमत नाही, कारण त्याच्या पोटातल्या पदरांपर्यंत पाणी नीट पोचतच नाही. म्हणजे बाहेरची चड्डी कंपनीची, आतलं धोतर आजोबांचं, अशी आमची आघाडी डिसेंबरपासून सुखानं चालू आहे.

रात्रीसाठी मात्र मी विकतचाच वापरतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. त्यातली भुकटी आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते, लेक नऊ तास झोपते, आम्हीही झोपतो. कापडी चांगले म्हणून रात्री दोनदा उठून बदलणाऱ्या आईबापांना नमस्कार. सुरुवातीच्या दिवसांत विकतचे बरेच लागायचे, तेव्हा आमची खरी ओशाळवाणी वेळ सकाळची असायची. कचरागाडीचं गाणं वाजलं की खाली जायचं. इथे ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी असं सगळं वेगळं द्यावं लागतं, डायपर कागदात गुंडाळून सॅनिटरीच्या डब्यात. गाडीवरचा पोरगा एकदा पुडकं हातात तोलून म्हणाला, "भिया, एक बच्चा है के दो?" आता रोजचं एकच पुडकं असतं. परवा त्यानं विचारलं, "बड़ी हो गई क्या गुड़िया?"

पैशांचं सांगतो. भेटीचे सहा सोडून मी आणखी सहा घेतले, एक साडेतीनशेला. विकतचा मला अकराला एक पडतो. दिवसाला सात धरले तर महिन्याला तेवीसशेच्या वर जायचे, आता साडेतीनशेच्या आत भागतं. त्यात सोडा, पावडर, गरम पाण्याची वीज मिळवा. वाचतात, पण त्या बदल्यात माझा रोजचा पाऊण तास जातो, तो हिशोबात धरायचा की नाही ते ज्यानं त्यानं बघावं. दोन फडकी झाली, आणखी तीन डायपरांचं मांडीचं इलॅस्टिक सैल झालंय. दोन-अडीच वर्षं टिकतील हे मला खरं वाटत नाही. आणि पातळ चड्डीवर शिवलेली झबली या डायपरवर बसत नाहीत, ढुंगण दुप्पट दिसतं. कपडे एक माप मोठेच घ्या.

बाप झाल्यावर छंदाचं काय होतं, असं लोक विचारतात. माझा छंद पक्षी बघण्याचा. धार रोडवरचा सिरपूर तलाव, जो 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला, तिथे मी लग्नाआधीपासून हिवाळ्यात दर रविवारी जायचो. यंदा वाटलं, संपलं सगळं. पण पहाटे साडेपाचला लेक जागी असतेच, तर तिलाच घेऊन निघायला लागलो. छातीशी बांधायचं कॅरियर घेतलं. ते घेताना एकच बघायचं: बैठक गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत रुंद हवी, गुडघे ढुंगणापेक्षा वर राहिले पाहिजेत. अरुंद पट्टीवर पाय लोंबकळत ठेवणारं आधी मागवलं होतं, परत केलं. टाळू आपल्याला ओठांनी टेकता यावी इतकी उंची ठेवायची, हनुवटी छातीत रुतू द्यायची नाही. हे कॅरियर उत्तम, तक्रार नाही. अडचण दुर्बिणीची. गळ्यातली दुर्बीण बरोबर तिच्या टाळूवर आपटायची, आणि हात वर करून डोळ्याला लावली की ती पट्टा चोखायची. जानेवारीत मी दुर्बीण घरीच ठेवायला लागलो. थापट्या आणि चक्रवाक ही बदकं नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात. वारकरी नावाचे पाणपक्षी तर काठाजवळच असतात, काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा गंध. तिला त्यांचा आवाज आवडतो, ऐकला की पाय झाडते. तिथे बाकावर धोतराची घडी बदलायलाही मी आता पटाईत झालोय, दीड मिनिट.

ग्वाल्हेरच्या चुलतभावाला गेल्या महिन्यात मुलगा झाला. त्याचा फोन आला, "दादा, डायपर कुठल्या कंपनीचे घेऊ?" मी विचारलं, "तुमच्याकडे नळाला पाणी कुठलं येतं?" तो म्हणाला, नळ कधीतरी, बाकी सगळं बोरिंगच. आईनं ऐकलं. संध्याकाळी ट्रंकेत उरलेलं आजोबांचं दुसरं धोतर बाहेर आलं, आणि पार्सलात बारा चौकोन, सोड्याचं पाकीट आणि सैल इलॅस्टिकचे ते तीन डायपर नमुन्यादाखल गेले.