पांढऱ्या ओट्याचे नऊ महिने

पाडव्याला नव्या ओट्यावर पहिली पुरणपोळी लाटली, त्याला आता नऊ महिने झाले. मधल्या काळात एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळीचा फराळ आणि आईचं वर्षाचं लोणचं त्या ओट्यावरून गेलं. काम झाल्या झाल्या ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी "एकदम झकास" असं सांगितलं होतं. त्यातला 'एकदम' मागे घेतो.

घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुना ओटा कडप्प्याचा. तो तोडायला अर्धा दिवस लागला आणि खाली न्यायला दीड, कारण हमाल गोणीमागे आणि वर मजल्यामागेही पैसे लावतात, आणि सोसायटीला दुपारी दोन ते चार झोप लागते. त्या गडबडीत आईने दीड-दोन हात लांबीचा एक धड तुकडा बाजूला काढून ठेवला. "हा राहू दे." कशाला, ते तिलाही सांगता येईना. मी तो दोनदा गोणीत टाकला, दोनदा तो गॅलरीत परत आला.

पांढऱ्या क्वार्ट्झचा हट्ट माझा. दुकानात त्यांनी नमुन्याच्या तुकड्यावर लिंबू पिळलं, पाच मिनिटांनी फडकं फिरवलं, डाग नाही. त्यात फसवाफसवी काही नव्हती. कडप्पा म्हणजे चुनखडीच्याच जातीचा दगड, त्याला लिंबू-व्हिनेगर चावतं आणि चकाकी जाते. क्वार्ट्झला आंबटाचं काही वाटत नाही. फक्त दुकानात कुणी त्यावर तापलेला तवा ठेवून दाखवला नाही. या ओट्यात 90 टक्क्यांच्या आसपास दगडाची पूड असते, पण ती धरून ठेवणारं रेझिन साधारण 150 अंशांपुढे मान टाकतं. भाकरीचा तवा त्याच्या कितीतरी पुढे असतो.

तवा ठेवला कुणी, तर मीच. आठ दिवस घरभर "गरम काही टेकवायचं नाही हं" म्हणत फिरलो आणि नवव्या दिवशी आमलेट करताना मोबाइल वाजला. तवा उचलला तेव्हा खाली पिवळट चंद्रकोर. घासून जात नाही, पॉलिशवाल्यानेही मान हलवली. बायको काही बोलली नाही, हे जास्त लागलं. आई गॅलरीत गेली, तो कडप्प्याचा तुकडा धुऊन आणला आणि बरोबर डागावर ठेवला. "ठेव आता काय ठेवायचं ते." तेव्हापासून कुकर, तवा, फोडणीची कढली, सगळं त्याच्यावर. थोडक्यात, महागडा नवा ओटा जुन्या ओट्याच्या आडोशाला राहतो.

हळदीची भीती वाटायची तेवढी खरी ठरली नाही. लगेच पुसलं तर प्रश्नच नाही. खिडकीजवळ राहून गेलेला डाग तर उन्हानेच फिका पडत गेला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आतल्या कोपऱ्यातल्या डागाला मात्र खायच्या सोड्याचा लेप लावून घासावं लागलं.

उंचीचं सांगायलाच हवं. जुना ओटा 30 इंचांचा होता, नवा आम्ही 34 चा केला. माझी आणि बायकोची कंबर यावर इतकी खूश आहे की सगळ्या खर्चातला हा फुकटातला भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पण आई चार फूट अकरा इंच. पहिल्याच दिवशी पोळ्या लाटताना तिचे खांदे कानाला लागले. माप घेताना तिला उभं करायचं आम्हाला सुचलंच नाही. आता ओट्यापुढे जेवणाचा जुना पाट असतो, त्यावर चढून ती लाटते आणि उतरून भाजी हलवते. मी दोनदा त्याला अडखळलोय. तक्रार करायला तोंड नाही.

ट्रॉल्यांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. "304 ग्रेडचं स्टील आहे, बघा," म्हणत विक्रेत्याने लोहचुंबक लावून दाखवला. चिकटला नाही, आम्ही भारावलो. नंतर कळलं, स्वस्तातल्या 202 ग्रेडच्या स्टीललाही तो चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि गंज लवकर धरतो. जुलैत सिंकखालच्या जाळीवर तपकिरी ठिपके आले. बिलावर ग्रेड लिहून घेतली नव्हती, त्यामुळे भांडायला कागदच नाही. तुम्ही लिहून घ्या. सिंकखालचं प्लायवूड मात्र पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडवरचा आयएस 710 चा शिक्का पाहून घेतलं होतं, ते पावसाळ्यात जराही फुगलं नाही.

मागच्या टाइल्सच्या सांध्यांत साध्या व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी भरायचं सुचवलं मिस्त्रीने. महाग पडतं म्हणून मी कुरकुरलो होतो. नऊ महिन्यांच्या फोडण्या झेलून ते सांधे अजून पांढरे आहेत. चिमणी चांगली आहे, आवाज करते. प्लग मात्र कमी पडले. मिक्सर लावायचा तर किटली काढावी लागते.

मागच्या आठवड्यात मिस्त्री एका दाराचं बिजागर आवळायला आला. कडप्प्याकडे बघून म्हणाला, "हे छान केलंत. दुसऱ्या साइटवर दाखवायला फोटो काढू का?" आईने फोटोआधी त्यावर फडकं फिरवलं.

संक्रांत झाली की बाथरूमचं काम काढायचंय. मोरीतल्या शहाबादीवर तिने आत्ताच हक्क सांगून ठेवलाय.