'१०,००० एमएएच'चा अभ्यासाचा दिवा ५० मिनिटांत विझला

चार्जिंगचा टेबल लॅम्प ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. माझे १,३४९ रुपये गेले. तेही एक वेळ सोडून देईन, पण माझ्या शब्दावर आणखी दोन घरांनी तोच दिवा मागवला, ते काही केल्या मनातून जात नाही. म्हणून बसून सगळं लिहिते आहे.

आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. कुठेतरी फांदी तारेवर पडते, वायरमन बिचारा भर पावसात लाईन धुंडाळत फिरतो, आणि कधीकधी अख्खी रात्र अंधारात जाते. घरात इन्व्हर्टर नाही. मुलगी यंदा बारावी सायन्सला. मेच्या अखेरीस ठरवलं की पाऊस सुरू व्हायच्या आत तिला बॅटरीवर चालणारा चांगला दिवा घेऊन द्यायचा.

ऑनलाइन शोधायला बसले तर शेकडो दिवे. एका नावाजलेल्या कंपनीचा साधारण त्याच किमतीत होता, पण बॅटरी लिहिली होती १,२०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). त्याच्या शेजारी हा: १०,००० एमएएच, ५ वॅट, ४० तास बॅकअप, तीन रंगांचा उजेड, टाइप-सी चार्जिंग. किंमत ३,९९९ वर काट मारून १,३४९. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, पण तारे साडेचारच्या वर. मी पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर आकड्यांतच असते. तरीही १,२०० आणि १०,००० शेजारी शेजारी दिसल्यावर मी दुसरा काही विचार केला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवा आला. तळ चांगला जड. उजेड पांढराशुभ्र, बोट लावलं की कमीजास्त होणारा. पहिल्यांदा चार्जिंगला लावला तो दीड तासात भरला, हिरवा ठिपका लागला. मी खूश झाले, म्हटलं किती पटकन भरतो! खरं तर चोरी तिथेच उघड पडली होती, पण ते कळायला दीड महिना जायचा होता.

खोक्यात एक चिठ्ठीही होती. ५ तारे द्या, अभिप्रायाचा फोटो या नंबरवर पाठवा, १०० रुपये मिळवा. मी दिले ५ तारे. लिहिलं, 'वजनदार, उजेड छान, चार्जिंग लवकर होतं.' १०० रुपये आलेसुद्धा. चिपळूणच्या नणंदेला सांगितलं, तिने दोन्ही मुलांसाठी दोन मागवले. त्या वेळी त्यातला एक शब्दही मी खोटा लिहिला नव्हता. दिवा खरोखर वजनदार होता, उजेडही होता. किती वेळ टिकतो हे मात्र पाहिलंच नव्हतं, आणि बॅटरीच्या दिव्यात पाहायचं ते तेवढंच असतं. नंतर सगळे अभिप्राय पुन्हा वाचले. जवळपास सगळे दिवा हातात पडल्यापासून पहिल्या दोन-चार दिवसांतले. पॅकिंग छान, लवकर मिळाला, दिसायला सुंदर. पूर्ण उजेडावर किती तास चालला हे कुणीच लिहिलं नव्हतं.

पहिला महिना लाईट गेली ती पंधरा-वीस मिनिटांपुरती. दिवा चालला. मग जुलैत एका संध्याकाळी वादळी पाऊस झाला, आमच्या वरच्या वाडीत झाड पडलं आणि लाईट गेली. मुलीची दुसऱ्या दिवशी फिजिक्सची चाचणी. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने दिवा लावला. पाऊण तासाने म्हणाली, "आई, उजेड कमी होतोय गं." दहाच्या ठोक्याला दिवा लुकलुकला आणि गेला. उरलेलं तिने माझ्या मोबाइलच्या टॉर्चवर वाचलं, तोही १९ टक्क्यांवर होता.

मला वाटलं, चार्ज करायचा राहिला असेल. लाईट आल्यावर हिरवा ठिपका येईपर्यंत भरला, पूर्ण उजेडावर लावला, घड्याळ समोर ठेवलं. ५२ मिनिटं. पुन्हा भरला. ५० मिनिटं. बदलून घ्यायची मुदत होती ७ दिवस, ती संपून महिना झाला होता.

देवरुखच्या बाजारात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी तळाचे रबर काढले, खालचे चार स्क्रू सोडवले, झाकण उचललं. आत बशीएवढी लोखंडी चकती. मी जिला बॅटरीचं वजन समजत होते ती ही! काका म्हणाले की दिवा कलंडू नये म्हणून अशी चकती सगळेच घालतात, त्यात खोट नाही. खोट तिच्या शेजारी होती. गोंदाने चिकटवलेला एकच सेल, बोटभर लांबीचा. याला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत, पॉवर बँकेत असतो तोच. चांगल्यातली चांगली कंपनीही या मापाच्या सेलमध्ये ३,५०० एमएएचच्या आसपासच पोचते. म्हणजे १०,००० साठी निदान तीन सेल हवेत. इथे एक, त्यावर निळं प्लास्टिक, कंपनीचं नाव नाही. काकांनी ब्लेडने ते प्लास्टिक सोललं आणि सेलचं टोक मला दाखवलं. पट्टी वेल्ड केल्याच्या खुणा दोनदा उमटलेल्या. सेल आधी कुठल्या तरी दुसऱ्या बॅटरीत वापरून झालेला होता.

"वहिनी, ह्यात दहा हजार कुठले? हजार निघाले तरी पुष्कळ," ते म्हणाले. त्यांच्या मीटरवर सेल पूर्ण भरून रिकामा करून पाहिला. १,०८० एमएएच.

त्या दिवशी काकांनी मला जो हिशेब शिकवला तो इथे देते, कारण पाचवीच्या मुलालाही येईल असा तो आहे. एमएएचला १,००० ने भागा आणि ३.७ ने गुणा, कारण असा लिथियम सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. येतात ते वॅट-अवर. त्याला दिव्याच्या वॅटने भागलं की तास मिळतात. खरे १०,००० असते तर ३७ वॅट-अवर झाले असते आणि ५ वॅटचा दिवा जेमतेम सात तास चालला असता. म्हणजे बॅटरी खरी धरली तरी पूर्ण उजेडावर ४० तास होतच नाहीत. माझ्या सेलचे झाले ४ वॅट-अवर. भागिले ५. पाऊण तास आणि वर थोडं, घड्याळात दिसलं तेवढंच.

चार्जिंगचंही तसंच. अशा दिव्यांतला चार्जर सहसा एक अँपिअरच्या वर जात नाही. एक अँपिअरने १०,००० एमएएच भरायला दहा तासांहून जास्त लागतात. दीड तासात भरला म्हणजे आत हजार-बाराशेच मावत होते. मी ज्याचं कौतुक लिहिलं, तोच चोरीचा पुरावा होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या माझ्या फोनच्या वायरने हा दिवा कधीच चार्ज झाला नाही, फक्त सोबत आलेल्या वायरनेच व्हायचा. काका म्हणाले, टाइप-सीला दोन बारीक रेझिस्टर लावावे लागतात, ते यांनी लावलेलेच नाहीत. काही पैशांच्या दोन वस्तू. जो तिथे वाचवतो तो सेलमध्ये काय करेल?

आता तक्रारीचं. इथे माझ्या दोन चुका झाल्या, त्या तुम्ही करू नका. एक, खोकं मी बंबात घातलं. खोक्यावर आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर ते होतं की नव्हतं, हे आता मला सिद्धच करता येत नाही. दुसरी चूक मोठी. तक्रार करायच्या आधी दिवा उघडला. जिथून मागवला तिथे आधी 'मुदत संपली' असं उत्तर मिळालं. मग त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल. पोच आली, आणि नंतर उत्तर आलं की वस्तू उघडलेली असल्याने काही करता येणार नाही. घड्याळ आणि दिवा एकाच चौकटीत धरून पूर्ण व्हिडिओ आधी काढला असता, तर हे म्हणायला त्यांना जागा राहिली नसती.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विक्रेत्याकडून ३०० रुपयांच्या कूपनची तयारी दाखवली गेली. मी नाही म्हटलं. खोटी बॅटरी विकून वर त्यांच्याकडूनच पुन्हा खरेदी करायची? आता रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करायची तयारी चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. बिल, जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट, काकांचं सहीचं पत्र, सगळं फाईलला लावलं आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तर खरेदी करतानाच काढून ठेवा. आता त्या पानावर '४० तास'चं '४० तासांपर्यंत' झालं आहे.

माझ्या पतसंस्थेतल्या एका मैत्रिणीने माझ्याच सांगण्यावरून जुलैत तोच दिवा मागवला होता. माझा विझला तेव्हा तिचा येऊन दोनच दिवस झाले होते. त्याच रात्री तिने पूर्ण भरून, पूर्ण उजेडावर लावून, मोबाइलवर व्हिडिओ काढला. ५५ मिनिटं. सातव्या दिवसाच्या आत परत केला, पैसे आले. माझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच की तिने पहिल्या आठवड्यात मोजलं.

म्हणून कुठलाही बॅटरीचा दिवा आला की त्याच दिवशी रिकामा करा, भरायला किती वेळ लागतो ते लिहा, मग पूर्ण उजेडावर विझेपर्यंत लावा आणि तेही लिहा. घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा, पूर्ण उजेडावर किती तास? याचं सरळ उत्तर नसेल तर सोडा. भारतात लिथियम सेल-बॅटऱ्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी लागते, मानक आयएस १६०४६. त्यावर 'आर-' ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. आणि मुलं हे दिवे अंथरुणात, मच्छरदाणीत घेऊन बसतात, रात्रभर चार्जिंगला ठेवतात. वापरलेला, कुणाचा हे माहीत नसलेला लिथियम सेल उशाशी चार्ज होणं मला पैशांपेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

ते ५ तारे मी काढले. एक तारा दिला, सोललेल्या सेलचा फोटो लावला, १०० रुपयांच्या चिठ्ठीचंही लिहिलं.

काकांनी माझ्या दिव्यात चांगल्या कंपनीचा २,६०० एमएएचचा सेल घालून दिला. निम्म्या उजेडावर साडेतीन तास जातो, मोजून पाहिलं. नणंदेला दोन दिव्यांचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. येत्या रविवारी ती दोन्ही दिवे घेऊन देवरुखला येते आहे, ते काकांकडे उघडायच्या आधी आम्ही घड्याळ लावून व्हिडिओ काढणार आहोत.