रीट की रिअल्टी इंडेक्स फंड?

नाशिकमध्ये स्थावर मालमत्तेत पैसे गुंतवण्याचा विषय निघाला, की बोलणे लगेच आडगाव किंवा मखमलाबादच्या एन.ए. प्लॉटवर येते आणि 2027 च्या सिंहस्थामुळे भाव कुठवर जातील यावर रेंगाळते. सातबारा, मोजणी आणि कुंपण यांच्या मागे धावण्याची ज्यांची तयारी नाही, किंवा एवढी रक्कम एकाच ठिकाणी अडकवणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी बाजारात दोन सोयीचे मार्ग आहेत: रीटची (भाड्याने दिलेल्या इमारती बाळगणाऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या ट्रस्टची) युनिट थेट विकत घेणे किंवा निफ्टी रिअल्टी या स्थावर मालमत्ता कंपन्यांच्या शेअर निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडात एसआयपी, म्हणजे मासिक हप्ता, लावणे. नाशिकच्या जमिनीचा भाव वाढला तरी या दोन्हींतून तो तुमच्या पदरात पडणार नाही, एवढे मात्र आधीच मनाशी पक्के केलेले बरे.

मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. रीट म्हणजे मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, मुंबईसारख्या शहरांतील कार्यालये आणि मॉल यांचे भाडे. बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार रीटच्या मालमत्तेपैकी किमान 80 टक्के मूल्य बांधून पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेत असावे लागते, आणि वितरणयोग्य रोख रकमेपैकी किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावी लागते. निफ्टी रिअल्टीचा स्वभाव निराळा आहे. डीएलएफ, लोढा, गोदरेज प्रॉपर्टीज, प्रेस्टीज अशा दहा कंपन्यांच्या या निर्देशांकात फिनिक्स मिल्ससारखा अपवाद वगळता भाड्यापेक्षा घरे बांधून विकण्याचा व्यवसाय मोठा आहे. जानेवारी 2008 मध्ये या निर्देशांकाने गाठलेला उच्चांक 2024 च्या तेजीतही ओलांडला गेला नाही, ही गोष्ट एसआयपी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने लक्षात घ्यावी. दहाच कंपन्या असल्याने याला फार विविधता म्हणणेही धाडसाचे होईल.

इतके असूनही माझी एसआयपी आज इंडेक्स फंडातच चालू आहे, आणि त्याचे कारण परतावा नसून रीटच्या वितरणाचा हिशेब आहे. दर तिमाहीला खात्यात जमा होणारी रक्कम एकसंध नसते. तिच्यातील व्याजाच्या भागावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. लाभांशाचा भाग रीटच्या वतीने मालमत्ता बाळगणाऱ्या कंपनीने कोणती करपद्धती निवडली आहे त्यावरून करपात्र किंवा करमुक्त ठरतो. आणि रीटने त्या कंपनीला दिलेल्या कर्जाच्या परतफेडीपोटी आलेला भाग साधारणपणे तुमच्या खरेदी किमतीतून वजा करत जावा लागतो, म्हणजे युनिट पुढे केव्हाही विकले तरी आजचा कागद जपून ठेवणे आलेच. दोन-तीन रीट असतील तर प्रत्येकाचे विवरण वेगळे, टीडीएस वेगळा, आणि जुलैत विवरणपत्र भरताना आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकातील आकडे बँकेतील जमेशी जुळवत बसावे लागते. रक्कम इतकी किरकोळ, की सीएकडे ती पावती सरकवताना संकोच वाटावा. त्यातच पैसे आपोआप पुन्हा गुंतवण्याची सोय नसल्यामुळे ते बचत खात्यात पडून राहतात आणि किराणा-पेट्रोलमध्ये विरून जातात. निदान माझ्याकडे तरी तसेच होत असे.

निवृत्तीनंतर नियमित रोख हवी असलेल्यांना, आणि ज्यांचे विवरणपत्र तसेही सीएच भरतो त्यांना, रीट अधिक योग्य ठरेल, हे मला मान्य आहे. भाड्याचे उत्पन्न बिल्डरांच्या नफ्याइतके हेलकावेही खात नाही. परंतु अजून नोकरीची दहा-पंधरा वर्षे उरलेल्या आणि मासिक हप्त्याने रक्कम साठवू पाहणाऱ्या वाचकाने एकूण गुंतवणुकीचा लहानसा हिस्सा ग्रोथ पर्यायातील, म्हणजे नफा न वाटता फंडातच ठेवणाऱ्या, इंडेक्स फंडात ठेवावा, असे मी सुचवेन. तिथे विक्री करेपर्यंत कराचा प्रश्न उद्भवत नाही. वर्षभरानंतर विकल्यास सध्याच्या नियमाने शेअर आणि इक्विटी फंडांवरील वर्षातील एकूण दीर्घकालीन नफ्यापैकी 1.25 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 12.5 टक्के कर लागतो, आणि त्याचा हिशेब फंड घराण्याच्या भांडवली नफ्याच्या विवरणात तयारच मिळतो.