सहा अक्षरांचं तिकीट

"मॅडम, तिकीट नंबर सांगता का? १३ अंकी असतो."

विमान कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलीनं एवढंच विचारलं, आणि मी फोन कानाला धरून पाच मिनिटं ईमेल वरखाली करत बसले. माझ्याकडे होता तो सहा अक्षरांचा पीएनआर. तो दिला. तिनं बघितलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "बुकिंग दिसतंय, पण तिकीट निघालेलंच नाही. उद्या हे आपोआप रद्द होईल." मी फोन केला होता तो खिडकीची सीट मिळेल का, हे विचारायला.

आम्ही नवराबायको गेली वीस वर्षं फिरतोय. २४ देश झालेत. त्यामुळे "यंदा कुठे?" हा आमच्या घरात आनंदाचा प्रश्न राहिलेला नाही, भांडणाचा झालाय. त्याला डोंगर हवेत, मला पाणी, आणि गर्दी दोघांनाही नको. एखादं नाव काढावं, तर ते बघून झालेलं असतं, नाहीतर कुणीतरी इतके फोटो टाकलेले असतात की न जाताच कंटाळा आलेला असतो. आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवायची हौसही होती. आम्ही नाव घ्यावं आणि समोरच्यानं "हे कुठे आलं?" म्हणावं, एवढीच.

प्रवासाची आवड असलेल्यांच्या एका गटात आम्ही हा प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी सहली आखून देणाऱ्या एका गृहस्थांचा निरोप आला. "तुमच्यासारख्यांना नेहमीचं दाखवायचं नसतं." या एका वाक्यावर आम्ही निम्मे विरघळलो. फोनवर त्यांनी आम्ही काय विकत घेणार हे विचारलंच नाही. कुठली सहल आवडली नाही आणि का, ते विचारलं. तासभर आम्हीच बोलत होतो.

मग त्यांनी तीन नावं दिली. पहिलं सोकोत्रा. छत्रीसारख्या ड्रॅगन ब्लड झाडांचं ते येमेनचं बेट. आम्ही हरखलो, तर तेच म्हणाले, "नको. तिथली परिस्थिती सुरक्षित नाही, मला त्यात पैसे जास्त मिळतील, पण तुम्हाला पाठवणार नाही." दुसरं अझोर्स, पोर्तुगालची अटलांटिकमधली नऊ बेटं, देवमाशांसाठी प्रसिद्ध. "छान आहे, पण तुम्हाला ओळखीचं वाटेल." आणि तिसरं फॅरो. नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधली १८ बेटं, छपरावर गवत उगवलेली घरं, आणि मिकिनेस बेटावरचे पफिन, रंगीत चोचीचे समुद्रपक्षी. डोंगरही, पाणीही.

स्वतःच्या फायद्याची सहल जो माणूस स्वतःच नाकारतो, त्याच्यावर पुन्हा कोण शंका घेणार? तो डाव किती मुरलेला होता हे आज कळतं. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "असा प्रामाणिक माणूस पहिल्यांदाच भेटला."

तारखा ठरल्या १२ ते २१ सप्टेंबर. "ऑगस्टनंतर गर्दी ओसरते, दर उतरतात, आणि पफिन तर ऑक्टोबरपर्यंत असतात." त्यांचं हे म्हणणं मी साधं तपासून बघितलं नाही. पफिन ऑगस्ट सरता सरता समुद्रात निघून जातात, आणि मिकिनेसला जाणारी प्रवासी बोटही ऑगस्टअखेर बंद होते. म्हणजे सगळं खरं असतं, तरी आम्ही रिकामे डोंगरकडे बघून परत आलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं. पण नवख्या माणसाला जे विचारायला लाज वाटत नाही, ते २४ देश फिरलेल्याला वाटते. आम्ही "हो हो, माहितीये" म्हणत राहिलो.

व्हिसाचंही तेच. आमच्याकडे चालू शेंगेन व्हिसा होता, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. "मग काहीच लागत नाही," असं ते म्हणाले. फॅरो डेन्मार्कच्या अखत्यारीत असलं तरी शेंगेनमध्ये नाही. डेन्मार्कच्या व्हिसावर फॅरोसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. आमच्या व्हिसावर तसं काही नव्हतं.

पैसे मागताना त्यांनी घाई केली नाही. ४० टक्के आधी. कार्डाची लिंक पाठवली, ती चालेना. "पेमेंटवाल्यांचा काहीतरी घोळ आहे, खात्यावर पाठवा, कार्डाचा चार्ज वाचेल तो तुम्हाला सूट." खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, व्यक्तीच्या नावाचं होतं. नवऱ्यानं विचारलं. "भागीदार आहे." बस, एवढ्यावर विषय संपला.

तासाभरात पीएनआर आला. आम्ही तो विमान कंपनीच्या साइटवर टाकला, तर आमची नावं, तारखा, विमानं, सगळं बरोबर. आम्ही निश्चिंत. इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. पीएनआर म्हणजे फक्त नोंद. पैसे न भरताही एजंटला अशी नोंद करून काही काळ धरून ठेवता येते, आणि तेवढ्या काळात साइटवर ती खरी दिसते. मुदत संपली की गळून पडते. तिकीट निघालं की १३ अंकी नंबर मिळतो, पहिले तीन अंक विमान कंपनीचे. तो नंबर नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही. आम्हाला पुढच्या पाच आठवड्यांत दोनदा नवीन पीएनआर आले. दोन्ही वेळा कारण तेच, "विमानाची वेळ बदलली." आम्ही मेहनती माणूस म्हणून त्यांचे आभार मानले!

आम्ही राहणार होतो त्या घराचा त्यांनी पाठवलेला फोटो मात्र अजून डोक्यातून जात नाही. गवताचं छप्पर, लाल दार, मागे उंच सूचिपर्णी झाडांची रांग. नवरा तेव्हाच म्हणाला होता, "झाडं आहेत की तिथे." फॅरोवर वाऱ्यामुळे आणि मेंढ्यांच्या चरण्यामुळे झाडं जवळपास नाहीतच, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, असतील एखाद्या आडोशाच्या जागी. फसल्यावर तोच फोटो इंटरनेटवर टाकून मुळात कुठला ते शोधलं, तर फोटो विकणाऱ्या एका साइटवर सापडला. खाली लिहिलं होतं, नॉर्वे.

दुसरा हप्ता मागितला तो "बेटावरच्या खासगी गाइडसाठी". तो देण्याच्या आदल्या दिवशी मी सीटसाठी फोन केला, म्हणून तेवढे वाचले. त्या मुलीचे उपकार मानते. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांना फोन लावला. उचलला. अतिशय शांतपणे म्हणाले, "मॅडम, सिस्टिममध्ये दिसायला वेळ लागतो, संध्याकाळी बोलतो." संध्याकाळपर्यंत माझ्या नव्या निरोपांखाली दोन टिकांच्या जागी एकच येऊ लागली होती, म्हणजे निरोप पोहोचतच नव्हते.

त्याच दिवशी बँकेत आणि पोलिसांत तक्रार दिली. बँकेनं समोरच्या खात्यात चौकशी केली, पैसे कधीच पुढे गेले होते. कार्डानं भरले असते तर निदान वाद घालून परत मागता आले असते. खात्यावर आपणच आपल्या हातानं पाठवलेले, तिथे सांगायला फार काही उरत नाही. तक्रार अजून उघडी आहे. पैसे मिळतील असं मी धरून चालत नाही.

घरी यावर आठवडाभर कुणी बोललं नाही. नंतर नवऱ्यानं भिंतीवरच्या नकाशातली फॅरोवरची पिन काढली. आगाऊच लावून ठेवली होती, माझंच काम.

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीला एक निरोप आला. नाव वेगळं, नंबर वेगळा. "तुमच्यासारख्यांना नेहमीचं दाखवायचं नसतं." तिनं मला दाखवला. मी तिच्या फोनवरून एवढंच विचारलं, "फॅरोला जायचंय. पफिन कधीपर्यंत असतात?"

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. "ऑक्टोबरपर्यंत, मॅडम."