नाना पेठेतला अभंगाचा वर्ग: तीन आठवडे नुसते टाळ

मी १९ वर्षांची, शास्त्रीय गाण्याची 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा झालेली, राहायला कोथरूडला. गेल्या गणपतीत सोसायटीत अभंग म्हटला. खाली उतरल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "गळा गोड आहे गं, पण शब्द काय होते?" तिथून हा शोध सुरू झाला. आधी एका ऑनलाइन कोर्सला पैसे घातले. त्यात स्वरलिपीची पीडीएफ आणि कराओके ट्रॅक मिळाला, बाकी तुमचं तुम्ही.

मग मैत्रिणीच्या मामांनी अभंग शिकवणाऱ्या एका बुवांचा पत्ता दिला. निवडुंग्या विठोबाच्या देवळाजवळच्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरतो. पुण्यात असूनही दारावर एकही पाटी नाही. वर्गालाही नाव नाही, म्हणून इथे देत नाही.

पहिल्या दिवशी मी भीमपलासी रागात आलाप करून सुरुवात केली. बुवांनी पेटीवरचा हात उचलला. "आधी अभंग वाचून दाखव. बोटांवर अक्षरं मोज." सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. पाच वर्षं गाणं शिकतेय, अभंग कितीतरी पाठ आहेत, पण हे मोजून बघावं असं मला कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, आणि चौथं चरण आखूड असतं. "ते चार अक्षरांचं चरण म्हणजे पाऊल टेकायची जागा. तिथेच तान मारलीस तर ऐकणारा तोंडघशी पडतो," असं ते म्हणाले. सोसायटीत मी नेमकं तेच केलं होतं. वर 'विठो' म्हणून श्वास घेतला होता आणि 'बा' पुढच्या आवर्तनात टाकला होता!

त्यानंतर तीन आठवडे गाणं बंद, हातात टाळ. काशाचे, चांगले जड. दोरी बोटांना वळ पाडते. भजनी ठेका आठ मात्रांचा, ऐकायला सोपा. पण टाळ धरून उभं राहिलं की लय किती पळते ते कळतं. साथीला तबला नाही, पखवाज. वाजवणारे काका दर वेळी घरून कणकेचा गोळा डब्यात आणतात आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे कातड्याला, लावतात. तो घुमारा मागे असला की आवाज ओढून मोठा करावा लागत नाही. ट्रॅकवर गाऊन हे कधीच कळलं नसतं.

तक्रारी आहेत, आणि त्या बुवांच्या तोंडावरही सांगितल्यात. सगळा वर्ग काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून, गातो. आम्हा मुलींचे खालचे स्वर त्यात गायबच होतात. माझी पट्टी काळी चार. "बाळ, दिंडीत काय पट्टी विचारून गातात?" हे उत्तर मला अजून पटलेलं नाही. साडेसहाचा वर्ग सातशिवाय सुरू होत नाही. पालखीचा मुक्काम असला की वर्ग बंद, पुढे बुवा स्वतः पंढरपूरपर्यंत चालत जातात. त्या महिन्याची फी मात्र पूर्ण. महिना १००० रुपये, आठवड्यातून दोन दिवस. एरवी त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही.

कार्तिकी एकादशीला एका देवळात मला एक अभंग मिळाला. पखवाज चढत गेला, मीही चढले आणि संतांच्या नावाचं शेवटचं चरणच विसरून परत ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, आले. नाममुद्रा गाळणं म्हणजे पत्र लिहून सही न करणं. मागून बुवांनी स्वतः ते चरण उचललं, टाळकऱ्यांनी धरलं, आणि समोर बसलेल्यांना वाटलं असंच बसवलंय. नंतर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्गाला मात्र ते एकच चरण माझ्याकडून अकरा वेळा म्हणून घेतलं.

गाणं मुळापासून शिकायचं असेल तर इथे येऊ नका, स्वरज्ञान आधी हवं. स्कूटर बोळात घालू नका, बाहेर काढताना रडाल. आणि सातला सुरू होतं म्हणून सातला जाऊ नका. उशीर करायचा हक्क फक्त बुवांना आहे.