५२ आठवडे, ५२ विषय : दहा महिन्यांच्या वापरानंतर

दर आठवड्याला एक विषय, त्यावर त्याच सात दिवसांत काढलेला एकच फोटो, जुन्या साठ्यातला चालणार नाही. ५२ आठवड्यांच्या छायाचित्रण उपक्रमाचा नियम एवढाच. ४३ आठवडे पूर्ण झाल्यावर ठामपणे सांगावंसं वाटतं की उपक्रम जरूर करा, पण इंटरनेटवरची तयार यादी जशीच्या तशी उचलू नका. बऱ्याच याद्या थंड देशांच्या ऋतूंवर बेतलेल्या असतात. ऑक्टोबरात ‘पानगळ’, जानेवारीत ‘बर्फ’, जुलैत ‘कडक ऊन’. महाराष्ट्रात त्या आठवड्यात हे मिळणारच नाही. असे दोन-तीन आठवडे लागोपाठ अडले की हात थांबतो आणि मग उपक्रम सुटतो.

म्हणून पहिल्याच दिवशी यादी आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी ठेवून विषयांच्या जागा बदलून घ्या. एक संध्याकाळ पुरते. ‘केशरी’ रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये टाका, तेव्हा पळस फुललेला असतो. सह्याद्रीतली पानगळही त्याच सुमाराची. ‘प्रतिबिंब’ आणि ‘थेंब’ पावसाळ्यात. ‘गर्दी’ किंवा ‘चालणारे पाय’ आषाढात, वारीच्या वाटेवर. ‘रात्रीचं आकाश’ मार्च ते मे, अमावस्येच्या आठवड्यात; जून उजाडला की ढगांमुळे तो विषय गेलाच समजा.

‘सावली’ची जागा सर्वांत जास्त चुकते. ऊन म्हणजे उन्हाळा असं धरून लोक तो विषय मे महिन्यात ठेवतात. पण मेच्या मध्यावर पुण्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऐन दुपारीही वस्तूच्या उंचीच्या नऊ-दशांश सावली पडते. खिडकीच्या गजांची जाळी जमिनीवर लांबवर येते, पत्र्याच्या भोकातला कवडसा भिंतीवर तिरका उतरतो. हा विषय डिसेंबरातच घ्या.

तांत्रिक विषयांत सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते ‘गती’त, म्हणजे पॅनिंगमध्ये (धावत्या वस्तूसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं). धावती रिक्षा स्पष्ट आणि मागचं दृश्य ओढल्यासारखं दिसायला हवं. शटर १/३० सेकंद, सतत फोकस, बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) चालू, रिक्षापासून पाच-सहा मीटर अंतर. कोपर अंगाला चिकटवायचं, वळायचं ते कमरेतून. क्लिकचा आवाज आला तरी कॅमेरा फिरवत राहायचं, कारण बहुतेकांचा हात नेमका तिथेच थबकतो. ४० फ्रेममधून तीन-चार धड निघाल्या तरी ते चांगलं फळ आहे. दुपारी मात्र प्रयत्न करू नका. स्वच्छ उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला लेन्सचं छिद्र एफ/२२ पर्यंत बंद केलं तरी १/३० ला फोटो पांढरट येतो, शिवाय इतक्या बारीक छिद्राला सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात डाग होऊन दिसतो. ढगाळ दिवस किंवा मावळतीनंतरची वीस मिनिटं निवडा. फोनवाल्यांना तर हे बंधनच आहे, कारण बहुतेक फोनचं छिद्र बदलत नाही.

‘वाहतं पाणी’साठी शटर बराच वेळ उघडं ठेवायला एनडी फिल्टर (लेन्ससमोरची, प्रकाश कमी करणारी काळसर काच) लागतो. दहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) घेतला तर १/६० सेकंदाचं शटर साधारण १७ सेकंदांवर जातं. फोकस फिल्टर लावण्याआधी करून मॅन्युअलवर ठेवा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचे हादरे सावरणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. स्वस्त फिल्टरने रंगात तपकिरी किंवा जांभळट झाक येते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढलेला असेल तर व्हाइट बॅलन्सने ती बरीच सावरता येते. फिरवून कमी-जास्त करायचा व्हेरिएबल एनडी वाइड लेन्सवर टोकाला नेला की फोटोवर फुलीसारखा काळा पट्टा उमटतो. दोन्ही नकोत, सहा स्टॉपचा एक बरा फिल्टर पुरतो. ट्रायपॉड नसेल तर किलोभर मूग भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून त्यावर कॅमेरा दाबून बसवा.

गणपतीच्या मंडपात ‘दिवे’ हा विषय घेतलात तर फोटोत आडवे पट्टे येण्याची शक्यता असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० शटर ठेवा, सायलेंट मोड (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करा.

पावसाळ्याचे १६-१७ आठवडे ही खरी परीक्षा. कोकणात आणि मुंबईत लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. रबरी गॅस्केटचा घट्ट डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळ्या दाण्यांचे गुलाबी झाले की ते भिजलेत. ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, सरळ नवे भरा. कॅमेरा वापरत राहणं हा बुरशीवरचा चांगला उपाय आहे आणि तो हा उपक्रम आपोआप करवून घेतो. एसी खोलीतून बाहेर पडताना मात्र कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

निवड हा उपक्रमाचा सगळ्यात मोलाचा भाग, आणि लोक तोच घाईत उरकतात. फोटो शुक्रवारपर्यंत काढून ठेवा, शनिवारी बघू नका, रविवारी सकाळी पाच बाजूला काढा. त्या पाचांतून एक निवडताना विषयाचं नाव न सांगता घरातल्या कुणाला तरी दाखवा. विषय ओळखू आला नाही तर फोटो कितीही देखणा असला तरी तो या आठवड्याचा नाही.

साठवणीचा हिशेब आधीच करा. २४ मेगापिक्सलची रॉ फाइल ३० एमबी धरली आणि आठवड्याला ४० फ्रेम ठेवल्या, तर वर्षाला सुमारे ६२ जीबी होतात. फोल्डरला ‘०७_सावली’ असं क्रमांक आधी घालून नाव द्या म्हणजे क्रम बिघडत नाही. वर्षाअखेरीस प्रिंट काढायचे असतील तर ४ × ६ इंचांचा कागद ३:२ प्रमाणाचा असतो आणि फोनचा फोटो ४:३. आडवा फोटो वरखाली कापला जातो, तेव्हा फोनवर तसा काढताना डोक्यावर आणि पायाखाली बोटभर जागा सोडा.